मागच्या पानावरची पेन्सिल

वाचनालयाच्या पुस्तकाचं अगदी शेवटचं पान तुम्ही कधी नीट पाहिलंय का? मी पाहतो. भिंगारच्या एका लहानशा वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे माझ्या आयुष्याच्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या. पुस्तक परत आलं की आधी पानं जागेवर आहेत ना ते बघायचं, मग मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायची, आणि मग ते शेवटचं पान. छापखान्याने ते कोरं सोडलेलं असतं, पण आमच्याकडे कोरं राहत नाही. "छान आहे. जरूर वाचा." खाली दुसऱ्या अक्षरात, "काही छान नाही. वेळ गेला." त्याच्या खाली तिसरा, "वेळ तुझा गेला, त्यात पुस्तकाचा काय दोष?" एका कादंबरीच्या मागे फक्त एवढंच होतं : "रात्री दोनला संपलं. सकाळचा डबा चुकला." ती कादंबरी त्यानंतर चार-पाच महिने कपाटात टिकली नाही. एकाने परत केली की दुसरा टेबलावरूनच उचलायचा.

रहस्यकथांचं वेगळं. बाबूराव अर्नाळकरांच्या एका जुन्या प्रतीत पहिल्याच पानावर कुणीतरी खुनी कोण ते नावानिशी लिहून ठेवलं होतं. त्या इसमाला मी अजून शोधतोय.

वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. सुरुवातीची काही वर्षं मी खोडरबर घेऊनच बसायचो. मग हळूहळू लक्षात आलं की मी जे खोडतोय त्याच्याच जोरावर पुस्तकं फिरताहेत. दारावर लावलेली 'नवीन खरेदी'ची यादी कुणी वाचत नव्हतं. मागच्या पानावरची पेन्सिल सगळे वाचत होते. शाईने लिहिलेलं मी अजूनही खपवून घेत नाही, पण पेन्सिलीकडे काणाडोळा करतो.

आज लिहायला बसलो ते याचसाठी. तुमच्यातल्या प्रत्येकाने निदान एखादं पुस्तक असं वाचलंय की ज्यामुळे डबा चुकला. ते दुसऱ्याला सांगा, अशी विनंती आहे. पण ते कसं सांगायचं यात आपण फार चुका करतो. मी तर पगार घेऊन केल्या आहेत, त्यामुळे त्यातल्या काही सांगण्याचा मला हक्क आहे.

हल्ली शिफारशींना तोटा नाही. मोबाइल उघडला की 'मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत अशी शंभर मराठी पुस्तकं' समोर येतात. मरणाची भीती घालून पुस्तक वाचायला लावायची ही रीत कुणी काढली कोण जाणे. यादी उघडून बघा : मृत्युंजय, स्वामी, श्रीमान योगी, ययाती, छावा, श्यामची आई. ही पुस्तकं वाईट म्हणणारा मी कोण? 'मृत्युंजय' १९६७ साली आलं आणि आजही आमच्याकडे त्याची एक प्रत झिजली की दुसरी आणावी लागते. पण ही नावं सांगणं म्हणजे पंढरपुरात विठोबा आहे असं सांगण्यासारखं आहे. ऐकणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं. जायचं असेल तर तो आपण होऊन जाईल.

दुसरं म्हणजे यादी कुणाला उद्देशून नसते. शंभर नावं एकदम समोर आली की माणूस एकही घेत नाही. लग्नाच्या पंगतीत ताट भरून वाढलं की भूक मरते, तसं होतं. मला अशा याद्या दाखवायला बरेच जण टेबलाशी आले. "हे बघा, किती छान यादी आहे," म्हणाले, मला पाठवली, आणि रिकाम्या हाताने घरी गेले.

आता माझी चूक ऐका. भिंगार म्हणजे छावणीचं गाव. नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं आहे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडी अजून नगरच येतं.) तेव्हा निवृत्त फौजी आमच्याकडे पुष्कळ येतात. असेच एक सुभेदारसाहेब सभासद झाले. अनामत भरली, पावती घडी करून खिशात ठेवली, आणि म्हणाले, "काहीतरी चांगलं द्या." मी त्यांच्या हातात 'कोसला' ठेवलं. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी माझ्या मर्मबंधातली. कॉलेजात असताना वाचली आणि आठवडाभर तिच्यातल्यासारखाच बोलत होतो, वडिलांचा मार खाईपर्यंत.

दोन दिवसांत पुस्तक परत. सुभेदारसाहेब म्हणाले, "हा पोरगा अभ्यास करत नाही, बापाच्या पैशावर पुण्यात राहतो आणि वर कुरकुर करतो. माझ्या कंपनीत असता तर आठ दिवसांत सरळ केला असता." पुढचे दोन महिने ते आलेच नाहीत.

'कोसला' १९६३ सालचं. तेव्हापासून किती पोरांनी ते उशाशी घेतलं असेल, त्याला सुभेदारांच्या नापसंतीने काही होत नाही. चुकलं ते माझं. मला आवडतं म्हणून मी दिलं. टेबलापलीकडे कोण उभं आहे ते पाहिलंच नाही.

दोन महिन्यांनी ते वर्तमानपत्र वाचायला आले तेव्हा मी पुस्तकाचं नाव काढलं नाही. नोकरी कुठेकुठे झाली ते विचारलं. बोलता बोलता समजलं की काही वर्षं ते हिमालयातल्या रस्त्यावर होते, दरडी काढायला. मी उठून प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंगढांग' आणून ठेवलं. पेंढारकर माहितीपट करणारे गृहस्थ, भालजींचे चिरंजीव. ही कादंबरी १९८१ सालची. मुंबईची चांगली नोकरी सोडून सीमेवरच्या रस्त्याच्या कामावर गेलेला एक तरुण इंजिनिअर, समोर सरळ उभा कडा, वर लष्कराची शिस्त आणि खाली मजुरांचे जीव. "पुस्तक बारीक आहे, पण थंडीचं आहे, स्वेटर घालून वाचा," एवढंच मी बोललो.

तीन आठवडे पुस्तक आलं नाही. आले ते दंडाचे पैसे हातात घेऊनच. खुर्ची ओढली आणि पाऊण तास मला सुरुंग कसा भरतात, कडा कसा 'बोलतो', दगड सुटायच्या आधी बारीक माती कशी गळायला लागते ते समजावून सांगितलं. कादंबरीतल्या मेजरचं कुठे बरोबर होतं आणि कुठे चुकलं तेही सांगितलं. मी ती कादंबरी तीनदा वाचली होती. कळली त्या संध्याकाळी. जाताना विचारलं, "याच माणसाचं दुसरं काही आहे का?" मी 'चक्रीवादळ' दिलं. त्यानंतर त्यांना कधी काही सुचवावं लागलं नाही. उलट तेच मला सुचवायला लागले, आणि त्यातलं निम्मं मला झेपत नाही.

तेव्हापासून मी नव्या माणसाला 'तुम्हाला कसली पुस्तकं आवडतात' असं विचारत नाही. त्यावर माणसं ठरलेलं उत्तर देतात : ऐतिहासिक, सामाजिक, चरित्र. खरं आवडतं ते सांगायची लाज वाटते. त्याऐवजी दिवसभर काय करता ते विचारावं. पूर्ण वाचून संपवलेलं शेवटचं पुस्तक कोणतं ते विचारावं, मग ते दहावीचं कुमारभारती असलं तरी चालेल. आणि वाचायला वेळ कधी मिळतो, बसून की आडवं होऊन, एकटे असता की घर भरलेलं असतं, हे विचारावं. एवढ्यावर पुस्तक आपोआप सुचतं.

पण 'माणूस पाहून पुस्तक' या वाक्यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे.

आमच्या वाचनालयाला लागून अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून बसतात, पुस्तकं स्वतःची आणतात, आमच्या कपाटांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यातला एक मुलगा एकदा कपाटापुढे उभा राहिलेला दिसला. मला भरून आलं. मी त्याचं सभासदपत्र भरलं, नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि मोठ्या प्रेमाने दया पवारांचं 'बलुतं' काढून दिलं. पवार आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. हे पुस्तक १९७८ साली ग्रंथालीने काढलं आणि मराठी आत्मचरित्राची भाषाच पालटली. मी त्याला हे सगळं सांगितलंही. मुलाने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत ठेवून शांतपणे म्हणाला, "काका, हे माझ्या घरी आहे. वडिलांनी दोनदा वाचून दाखवलंय. तुम्ही आडनाव वाचून दिलंत ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला काय हवं होतं? जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा. 'यक्षांची देणगी' घेऊन गेला.

म्हणजे बाईला पाककृती, म्हाताऱ्याला अध्यात्म, मुसलमान शेजाऱ्याला कुठल्यातरी सुफी संताचं चरित्र आणि दलित मुलाला दलित आत्मकथन, याला माणूस पाहणं म्हणत नाहीत. ते फक्त शिक्का वाचणं झालं. 'बलुतं' द्यायचंच तर मी ते माझ्यासारख्यांच्या घरात द्यायला हवं होतं, जिथे गावकुसाबाहेरची वस्ती फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेली असते. पुढे तसंच केलं. काहींनी ते अर्ध्यात परत केलं. एका आजोबांनी पूर्ण वाचलं आणि मागच्या पानावर लिहिलं, "आमच्या गावातही हे होतं. आम्ही पाहत होतो." एवढी जड पेन्सिल-टीप मी दुसरी पाहिलेली नाही. ती मी कधी खोडणार नाही.

आता वेळेचं. पुस्तक चांगलं असतं, माणूसही योग्य असतो, पण दोघांची वेळ जुळत नाही. बाजारपेठेत ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई आहेत. पिको-फॉलचं कामही करतात. म्हणाल्या, "शाळेत लई वाचायचे. आता पाच मिनिटं झाली की गिऱ्हाईक येतं, मागचं विसरायला होतं." अशा बाईला पाचशे पानांची कादंबरी देणं हा जुलूम आहे. मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' दिलं. ते जाडजूड आहे हे खरं, पण ते जाड असूनही तुकड्यातुकड्याने खाता येतं. एक आठवण सुरू होते, हसवते, मध्येच पोटात खड्डा पाडते आणि दोन-चार पानांत संपते. पुढची उद्या.

लक्ष्मीबाई आपल्या भागातल्याच म्हणायला हरकत नाही. जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, पण रेव्हरंड टिळकांचा संसार नगरला आणि राहुरीला झाला. नवरा कवी, तापट आणि उधळा. वडील असे की सोवळ्याच्या वेडापायी बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायचे. शाळा नाही. अक्षरओळख लग्नानंतर. आणि त्या बाईने जे लिहिलं, १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं, ते आज नव्वद वर्षांनंतर शिलाई मशीनशेजारी उघडं पडलेलं असतं, पान हरवू नये म्हणून मध्ये मोजपट्टी घातलेली. चौथा भाग पुरा होण्याआधी, १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचं काम त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी केलं. ताईंना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. "प्रस्तावना सोडून द्या, वडिलांच्या सोवळ्यापासून सुरू करा," एवढंच सांगितलं. आठ दिवसांनी दुकानावरून जात होतो तर आतून हाक आली, "ओ भाऊ, ही बाई तर आमच्या आत्यासारखी बोलती!" ही शिफारस माझ्यापेक्षा लाखपट चांगली. तिथे फॉल लावायला आलेल्या दोघीजणी पुढच्या आठवड्यात 'ते आत्याचं पुस्तक' मागायला आल्या.

तिथून एक गोष्ट उचलली : पुस्तक कुठून सुरू करायचं ते सांगावं. मराठी पुस्तकांना प्रस्तावनेचा फार सोस. मनोगत, दोन शब्द, ऋणनिर्देश, आणि कुण्या मान्यवरांची पंचवीस पानं, ज्यात सगळी गोष्ट फोडलेली असते. नव्या वाचकाचा जीव तिथेच जातो. "पान तीसवर जा, तिथे पावसाचं वर्णन आहे, ते वाच, नाही आवडलं तर परत कर," असं सांगितलं की माणूस सुटतो. पुस्तकाचा दोषही आधीच सांगून टाका. "मधली चाळीस पानं कंटाळवाणी आहेत, ओलांड." दोष लपवून दिलेलं पुस्तक त्या चाळीस पानांतच कुठेतरी कायमचं उलटं पडतं आणि वाचणाऱ्याला वाटतं आपलीच अक्कल कमी. अशी किती माणसं वाचनातून उठली असतील.

आणि न वाचलेलं पुस्तक सुचवू नका. हे सांगावं लागतं याचंच नवल वाटतं, पण फार चालतं ते. "भारी आहे म्हणतात." म्हणणारे कोण? त्यांनीही कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. पुतण्याचा कवितासंग्रह वाचला असला तरी सुचवू नका.

आपल्या गावाजवळच एक वाचकांचं टोळकं पावणेतीन वर्षं एकत्र नांदलं होतं, त्याची आठवण इथे काढल्याशिवाय राहवत नाही. भिंगारच्या शेजारचा, नगरचा भुईकोट किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीतल्या नेत्यांना पकडून इंग्रजांनी तिथे कोंडलं. नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, आपले शंकरराव देव. नेहरूंनी तिथे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'चं हस्तलिखित लिहिलं, हे आपण शाळेच्या सहलीत ऐकतो. सहलीत सांगत नाहीत ते असं की ते पुस्तक नेहरूंनी तुरुंगातल्या सोबत्यांना अर्पण केलंय, आणि आझाद, पंत, नरेंद्र देव, असफ अली यांच्याशी झालेल्या बोलण्याचा आपल्याला किती उपयोग झाला ते प्रस्तावनेत नावं घेऊन लिहिलंय. एकाला संस्कृत आणि पाली, दुसऱ्याला फारसी आणि अरबी, तिसऱ्याला राज्यकारभार. प्रत्येकजण दुसऱ्याचं वाचनालय झाला होता. पटांगण एकच आणि पळून जायला जागा नाही, तेव्हा शिफारस ऐकूनच घ्यावी लागत असणार.

मौलानांनी त्याच किल्ल्यात 'गुबार-ए-खातिर' लिहिलं. मित्राला लिहिलेली पत्रं, पण तुरुंगातून पाठवता येत नसल्याने तशीच ठेवलेली. ती १९४६ साली पुस्तक होऊन आली. त्यात चहाबद्दल पानंच्या पानं आहेत, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी चाललेलं युद्ध आणि मग तह आहे, आणि १९४३ मध्ये पत्नी गेल्याची बातमी त्याच भिंतींत पोचली त्याबद्दलचंही एक पत्र आहे. आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर लिहिलेलं हे पुस्तक भिंगारमध्ये किती जणांनी वाचलंय? मूळ उर्दू, आणि उर्दू अवघड, हे मान्य. पण भिंगारमध्ये उर्दू वाचणाऱ्या शेजाऱ्याचा काय दुष्काळ आहे? मी एका चाचांकडून चिमण्यांचं प्रकरण वाचून घेतलं. ते एक वाक्य वाचायचे, अर्थ सांगायचे, पुन्हा मूळ वाक्य वाचायचे, आणि स्वतःच "वाह" म्हणायचे. तीन संध्याकाळी लागल्या. चहा त्यांच्याच घरचा. पुस्तक वाचून घेणं हीसुद्धा शिफारसच आहे. फक्त मागणी आपल्या बाजूने असते. करून बघा.

पुस्तकं एकमेकांपर्यंत पोचवणं हे गावोगाव चालत आलेलं काम आहे. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ चं, म्हणजे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरहून निघायला लागलं त्याच्याही चार वर्षं आधीचं. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानमधून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती एका वाचकगटाकडे राहते, मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलते. शंभराची यादी मी मघाशी नावं ठेवून बाजूला केली. शंभराची पेटी मात्र चालते, कारण ती कुणाच्या तरी घरात असते आणि त्या घरात जायला चपला काढाव्या लागतात. महाबळेश्वरजवळच्या भिलारला २०१७ मध्ये सरकारने पुस्तकांचं गाव केलं, तेही घराघरांतूनच. आणि एका वाचकाची शिफारस केवढी होऊ शकते ते बघायचं तर सतीश काळसेकरांचं 'वाचणाऱ्याची रोजनिशी' बघा. माणूस काय वाचतो, कुठून मिळवतो, कुणी दिलं, एवढंच सांगत जातो. त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्याकडे ते बाहेर जातं आणि परत येताना सोबत चार नवी मागणीपत्रं घेऊन येतं.

समारंभांबद्दल दोन शब्द बोलतो आणि सोडतो. 'बुके नको, बुक द्या' ही टूम चांगली होती. पण सत्कारात मिळालेलं पुस्तक खाकी कागदासकट पुढच्या सत्काराला जातं, हे आपण सगळे जाणतो. एक चरित्र मला तीन वेगवेगळ्या कार्यक्रमांत मिळालं. त्यातल्या एका प्रतीत आधीच्या सत्कारमूर्तीचं नाव होतं. द्यायचंच तर त्या माणसासाठी निवडलेलं द्या, आणि पहिल्या पानावर 'सप्रेम भेट'च्या खाली एक ओळ लिहा, की हे तुम्हालाच का दिलं. ती ओळ सुचत नसेल तर नारळ द्या.

मुलांचं विचारतात सगळ्यात जास्त. "वाच म्हटलं तर वाचत नाही हो." वाच म्हटलं की कोण वाचेल? आपण तरी वाचलं होतं का? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या, फुरसुंगीचं पोर, पायाला भिंगरी. पहिलं प्रकरण रात्री मोठ्याने वाचून दाखवा, फेणे ऐन पेचात सापडला की पुस्तक मिटा, "उरलेलं उद्या, मला झोप आली," म्हणा, आणि पुस्तक मुलाच्या हाताला लागेल असं ठेवून खरंच झोपा. सकाळी विचारू नका. 'मग, काय बोध घेतलास?' हे तर आजन्म विचारू नका. प्रकाश नारायण संतांचा लंपन जरा मोठ्या मुलांना द्या, सहावी-सातवीच्या पुढे, आणि आधी स्वतः वाचा, कारण रडू येईल ते मुलासमोर येऊ नये.

मोठ्यांनाही हेच लागू. पुस्तक दिल्यावर रोज रस्त्यात गाठून "वाचलं का?" करू नका. माणूस रस्ता बदलतो. पुस्तक देऊन विसरून जावं. परत येईल ते येईल. तुमची स्वतःची प्रत असेल तर ती जाणार, हे धरून चाला. माझी पाच-सहा चांगली पुस्तकं अशीच गेली. कुणाकडे आहेत ते मला ठाऊक आहे, त्यांच्या घरी गेलो की ती कपाटातून माझ्याकडे बघतात. ज्याला हे सोसत नाही त्याने वाचनालयाचं पुस्तक सुचवावं. त्याचीच तर सोय आहे. आमच्यासारख्या 'ड' वर्गातल्या वाचनालयाला अनुदान तुटपुंजं, खरेदीला पैसे कमी, पण जे आहे ते बाहेर पडत नाही हे जास्त दुखतं. कपाटात अशी पुस्तकं आहेत की ज्यांच्या मागची तारखांची चिठ्ठी अजून कोरी आहे. त्यातली काही खरोखर चांगली आहेत. मी सगळ्यांना सगळं सांगू शकत नाही. सदर बाजारातल्या कोणत्या दुकानात कोण कसला माणूस बसतो, गवळीवाड्यात कुणाची आई दिवसभर एकटी असते, कुणाचा मुलगा दहावीनंतर नुसता मोबाइल घेऊन बसलाय, हे तुम्हाला माहीत असतं, मला नाही.

तर या महिन्यात एक करा. एक माणूस धरा, ओळखीचा. त्याला एकच पुस्तक सांगा, तुम्ही शेवटपर्यंत वाचलेलं. कुठून सुरू करायचं ते सांगा, कुठे कंटाळा येईल ते सांगा, आणि गप्प बसा. जमलं तर त्याला घेऊन वाचनालयात या. मागच्या पानावर लिहायचंच असेल तर पेन्सिलीने लिहा, आणि खुन्याचं नाव लिहू नका.

'रारंगढांग' सध्या बाहेर गेलेलं आहे. 'बलुतं' आहे. 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत ताईंच्या ओळखीत फिरतेय, दुसरी आज सकाळी परत आली : तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. आम्ही संध्याकाळी पाच ते आठ उघडे असतो.